पाणंदीत पिकअप नेताना

परतीच्या पावसाने उघडीप दिली, सोयाबीन पोत्यांत भरून बांधावर रचले, आणि ते नेण्यास आलेली पिकअप गाडी पाणंदीच्या पहिल्याच वळणावर रुतून बसली, असा देखावा काळ्या जमिनीच्या प्रदेशात दरवर्षी दृष्टीस पडतो. अशा वेळी जमलेल्या मंडळींत बहुधा एकच निष्कर्ष निघतो, तो हा की, चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी असती तर ही वेळ आली नसती. हा निष्कर्ष बराचसा चुकीचा आहे. ओल्या काळ्या मातीत तशी गाडीही रुतते. मात्र ती आणखी थोडी आत जाऊन रुतते व तेथून तिला बाहेर काढणे अधिक जिकिरीचे होते. महागड्या गाडीची इच्छा धरण्यापूर्वी दारात असलेली गाडी शेतवाटेवर कशी चालवावी हे शिकून घेणे शेतकऱ्याच्या अधिक हिताचे आहे.

बोलेरो पिकअप किंवा ‘छोटा हत्ती’ या नावाने खेडोपाडी ओळखली जाणारी गाडी यांत इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना मिळते. रिकाम्या गाडीचे पुष्कळसे वजन पुढे असल्यामुळे मागची चाके जमिनीवर नेटाने टेकत नाहीत आणि निसरड्या जागी जागच्या जागी फिरू लागतात. त्यातही डिफरन्शिअलच्या सामान्य रचनेमुळे एक चाक चिखलात मोकळे फिरू लागले की घट्ट जमिनीवरील दुसऱ्या चाकाला गाडी पुढे ढकलण्याइतका जोर मिळत नाही. म्हणून रिकाम्या गाडीत मागील कण्याच्या वर मातीची दोन-चार पोती ठेवणे उपयोगी पडते. ती अगदी शेवटच्या फळीजवळ ठेवू नयेत. तसे केल्यास पुढची चाके हलकी होऊन गाडी नीट वळत नाही. वजनासाठी माणसांना मागे उभे करण्याची पद्धत तर सर्वस्वी सोडून द्यावी. गाडीने हिसका दिला की मनुष्य चाकाजवळच पडतो.

काळ्या जमिनीतील चिकणमाती ओलीने फुगते आणि टायरच्या खाचांत भरून बसते. खाचा भरल्या की नवा टायरही गुळगुळीत टायरासारखा घसरतो. शेतकऱ्याला वाफसा ओळखता येतो. ज्या जमिनीत अद्याप पाभर चालणार नाही, त्या जमिनीवरून पिकअप नेण्याचा हट्ट त्याने का धरावा? वरची पापडी वाळलेली पाहून पुष्कळजण फसतात. वाट आधी पायी तुडवून पाहावी, टाच रोवून पाहावी, शंका येईल तेथे काठी खुपसावी. पादत्राणांना मातीचे थर चिकटू लागले की गाडी मुरमावरच थांबवावी आणि माल बैलगाडीने किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने तेथवर आणावा. नाशवंत माल असेल तर हा विलंब जिवावर येतो, हे खरे. परंतु टोमॅटोचे क्रेट रुतलेल्या गाडीत रात्रभर राहिले तर बाजार चुकतो तो चुकतोच.

नवशिक्याने आरंभ उन्हाळ्यात, कोरड्या व ओळखीच्या वाटेवर करावा. गाडी हलक्या गिअरमध्ये, एकसारख्या वेगाने चालवावी. मऊ पट्टा येण्यापूर्वीच गिअर ठरवावा, मध्येच बदलू नये. जुन्या चाकोऱ्या खोल असतील तर गाडीचे पोट मधल्या उंचवट्यावर टेकते. तेथे चाके चाकोरीत न घालता एक चाक उंचवट्यावरून न्यावे. ओघळीचा उतार सरळ चढावा व सरळ उतरावा. आडवे गेल्यास भरलेली गाडी कलंडण्याची भीती असते. उतरताना पहिला गिअर ठेवावा आणि इंधन वाचविण्याच्या मोहाने इंजिन बंद करू नये. कारण ब्रेकला मिळणारे साहाय्यही त्याबरोबर नाहीसे होते. नदीपात्रातील सुट्या वाळूत रिकाम्या गाडीच्या टायरांतील हवा थोडी कमी केल्यास उपयोग होतो. मात्र डांबरी रस्त्यावर येताच ती पुन्हा भरून घ्यावी.

चाक जागीच फिरू लागले की ॲक्सिलरेटर तत्काळ सोडावा. या एकाच गोष्टीत बहुतेकजण चुकतात. अधिक ताकद दिल्याने चाक फक्त खड्डा खणते. आलेल्या वाटेनेच मागे येता येते का हे प्रथम पाहावे. न जमल्यास फावड्याने चाकापुढची माती उकरून तेथे दगड, पळाट्या, उसाचे पाचट किंवा गोणपाट घालावे. ट्रॅक्टरने ओढावयाचे झाल्यास साखळी बंपरला न बांधता सांगाड्यावरील आकड्याला बांधावी, आणि ताण पडण्यापूर्वी सर्वांनी दूर व्हावे. तुटलेल्या साखळीचा तडाखा प्राणघातक ठरू शकतो.

वाट बिघडली म्हणून शेजाऱ्याच्या रानातून गाडी काढण्याची सवयही वाढत आहे. ओल्या रानात भरलेल्या गाडीचे चाक गेले की माती दाबली जाते आणि त्या पट्ट्यात पुढील पिकाची मुळे नीट पसरत नाहीत. भांडण होते ते वेगळेच. पाणंदीच्या कडेचे चर पावसाळ्यापूर्वी मोकळे केले तर निम्मी अडचण तेथेच संपते, आणि हे काम वाटेवरच्या शेतकऱ्यांना चार दिवसांत करता येते. वाट अडविली गेली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली, आणि बांधावरून नवी वाट हवी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 143 खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बियाणे व खतांच्या प्रात्यक्षिकांबरोबर मे महिन्यात गाडीचेही एक प्रात्यक्षिक घ्यावे. ट्रॅक्टर जवळ उभा ठेवून पाटाच्या पाण्याने थोडी वाट भिजवावी, गावातील तरुण चालकांकडून गाडी मुद्दाम रुतवावी, आणि ट्रॅक्टरला हात न लावता ती बाहेर काढण्यास त्यांना सांगावे.