तोड कोणती, जंगल कोणते?

'झाडे तोडू नका' हे वाक्य भित्तिपत्रकावर शोभून दिसते. पण तुमची पेन्सिल, वर्गातले बाक आणि घराची चौकट कशाची असते? लाकडाचीच ना? तेव्हा खरा प्रश्न असा की, कोणत्या जंगलात, कशी आणि किती तोड करावी?

गडचिरोलीच्या पानझडी जंगलातला साग घ्या. त्याच्या रोपाला भरपूर ऊन लागते आणि तोडलेल्या बुंध्यातूनही जोमदार फुटवे येतात. तेथे एखादा लहान पट्टा मोकळा केला आणि नंतर गुरे व वणवे यांपासून जपला, तर तो पुन्हा भरतो. आंबोलीच्या सदाहरित जंगलात मात्र हीच रीत घातक ठरेल. तेथील पुष्कळ वृक्षांची रोपे मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतात. वरचे छत्र गेले की ती करपतात आणि मुसळधार पाऊस उतारावरची माती वाहून नेतो. अशा जंगलात तोड करायचीच, तर मोजक्या जून झाडांची. तीव्र उतारावर मुळीच नको.

किती तोडावे, याचे सूत्र जर्मनीतील कार्लोविट्झ यांनी १७१३ सालीच मांडले: जेवढे नव्याने वाढेल, तेवढेच तोडावे.

म्हणूनच 'एक तोडले, दहा लावली' हा हिशेब मला पटत नाही. सदाहरित जंगल तोडून सागाच्या रांगा लावल्या, तर झाडांची संख्या भरेल. जंगल परत येणार नाही. असा हिशेब कोणी सांगितला, तर जरूर विचारा: कोणती झाडे, कोठे, आणि ती मोठी होईपर्यंत राखणार कोण?