फर्मान आणि फलित

पियेर बूलेझ हा फ्रेंच संगीतरचनाकार व वृंदसंचालक ५ जानेवारी २०१६ रोजीं बाडेनबाडेन येथें वारला, आणि २०२५ सालीं त्याची जन्मशताब्दीहि होऊन गेली. त्याच्याविषयीं जें लिहिलें जातें त्यांत दोन सूर विशेष ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, हा तारुण्यांत बंडखोर होता, पण पुढें सरकारी खजिन्याचा मानकरी बनला व आपल्या बंडाशीं त्यानें द्रोह केला. दुसरा पक्ष म्हणतो, त्याचे कठोर शब्द ही तरुण रक्ताची उसळी होती. ती विसरावी आणि त्यानें उभारलेल्या संस्था पाहाव्या. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष एकाच ठिकाणीं चुकतात. बंड आणि अधिकार या दोन भिन्न वस्तू आहेत असें दोघेहि धरून चालतात. बूलेझच्या बाबतींत त्या कधींच भिन्न नव्हत्या. त्याचें बंड पहिल्यापासूनच अधिकाराच्या भाषेंत बोलत होतें.

ही भाषा कोणती, तें पाहूं. शोनबर्गनें सप्तकांतील बाराहि स्वरांना समान दर्जा देणारी पद्धति काढली. बारा स्वरांची एक ओळ ठरवावयाची आणि कोणत्याहि एका स्वरास षड्जासारखें विसाव्याचें स्थान मिळूं द्यावयाचें नाहीं, हें तिचें सूत्र. १९५१ सालीं शोनबर्ग वारला. पुढच्याच वर्षीं बूलेझनें लेख लिहून ‘शोनबर्ग मेला’ असें जाहीर केलें. त्यांतील आक्षेप मार्मिक होता: स्वरांची नवी व्यवस्था शोधूनहि शोनबर्गनें ती जुन्याच आकृतिबंधांत ओतली. ही टीका झाली. ती मान्य करतां येते, खोडतां येते. परंतु त्याच वर्षीं त्यानें दुसरेंहि एक विधान केलें. बारा स्वरांच्या या भाषेची अपरिहार्यता ज्याला जाणवली नाहीं तो संगीतकार निरुपयोगी होय, असा त्याचा आशय होता. ही टीका नव्हे, हें फर्मान आहे. एखादी कृति वाईट आहे असें म्हणावयाचें तर ती आधीं ऐकावी लागते. एक अख्खा वर्ग निरुपयोगी ठरविला म्हणजे ऐकण्याचे श्रमच वांचतात.

आतां हें फर्मान काढणारा स्वतः त्याला किती बांधलेला राहिला? स्वरांप्रमाणेंच त्यांची लांबी, जोर आणि आघात यांनाहि ओळींत बसविण्याचा कडक प्रयोग त्यानें १९५२ च्या सुमारास दोन पियानोंच्या एका रचनेंत केला आणि लवकरच तो कडकपणा सोडून दिला. १९५५ सालीं प्रथम सादर झालेली ‘धन्याविना हातोडा’ ही त्याची कीर्तिस्थापक कृति घ्या. रने शार याच्या कवितांवर बांधलेल्या या रचनेंत स्त्रीकंठ, बांसरी, व्हायोला, गिटार आणि आघातवाद्यें आहेत, आणि त्यांच्या नादांत आफ्रिका, बाली व जपान येथील वाद्यांचे पडसाद आहेत हें रचनाकारानें स्वतःच सांगितलें आहे. रसिकाला तेथें मोहविते ती ही नादसृष्टि. कोणती ओळ कोठें उलटली याचा हिशेब कानाला लागत नाहीं, आणि तो लागला नाहीं म्हणून आनंद उणावत नाहीं.

वृंदसंचालक या नात्यानें तर त्याचें आचरण उक्तीच्या अगदीं उलट आहे. १९४५ सालीं पॅरिसमध्यें स्ट्राव्हिन्स्कीच्या नवअभिजात रचनांच्या वेळीं शिट्या वाजविणाऱ्या विद्यार्थ्यांत तो होता. पुढें स्ट्राव्हिन्स्कीच्या कृतींचा तो नामांकित संचालक झाला. १९६७ सालीं एका जर्मन साप्ताहिकाच्या मुलाखतींत त्यानें संगीतिकागृहें उडवून देण्याची गोष्ट बोलून दाखविली. पण आदल्याच वर्षीं बायरॉइट येथें त्यानें वाग्नरच्या ‘पार्सिफाल’चें संचालन केलें होतें, आणि १९७६ सालीं त्याच रंगमंदिरांत ‘रिंग’ या नाट्यचतुष्टयाच्या शताब्दीप्रयोगांचें नेतृत्वहि केलें. उतारवयांत तो माहलर आणि ब्रुकनर यांच्याकडे वळला. हातांत छडी न घेतां, नुसत्या बोटांनीं, तो दाट विणीचें संगीत असें उलगडून दाखवी कीं प्रत्येक वाद्य वेगळें ऐकूं यावें. हें त्याचें यश निर्विवाद आहे. पण त्या यशाचा अर्थ काय? त्याच्या कानानें त्याचें फर्मान रद्द केलें होतें. मुखानें तें त्यानें तितक्या स्पष्टपणें कधीं मागें घेतलें नाहीं.

येथें कोणी म्हणेल, आचरण जर उदार होतें तर शब्दांनीं कोणाचें काय बिघडलें? बिघडलें तें असें. १९६६ सालीं सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनीं संगीतविभागाच्या प्रमुखपदीं मार्सेल लांदोव्स्की या परंपरेला धरून चालणाऱ्या रचनाकाराची नेमणूक केली. बूलेझनें जाहीर रीतीनें खडे फोडले आणि फ्रान्सच्या सरकारी संगीतव्यवस्थेशीं असहकार पुकारला. त्याच्या लेखीं ‘निरुपयोगी’ असलेल्या या लांदोव्स्कीनें काय केलें? १९६७ सालीं पॅरिसचा नवा वाद्यवृंद उभा केला आणि प्रांतोप्रांतीं वाद्यवृंद व संगीतशाळा यांचें जाळें विणण्याची योजना आंखली. बूलेझ परतला तो राष्ट्राध्यक्ष पाँपिदू यांच्या निमंत्रणावरून. आणि परततांना त्याला राजधानीच्या मध्यभागीं, जमिनीखालीं, इर्काम ही ध्वनिसंशोधनसंस्था मिळाली. ती १९७७ सालीं खुली झाली. नवसंगीतासाठीं स्वतंत्र वृंद त्याआधींच, १९७६ सालीं, स्थापन झाला होता. इर्काममधून चांगलें काम झालेंच नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं; संगणकाच्या साहाय्यानें वाद्यांचा नाद तत्क्षणीं पालटणारी ‘रेपों’ ही १९८१ ची रचना ऐकणाऱ्याला तसें म्हणतां येणार नाहीं. परंतु ज्यानें कांहीं रचनाकारांना अनावश्यक ठरविलें त्याच्याच हातीं राज्याची मदत कोणत्या संगीताला पोंचावी हें ठरविण्याचें सामर्थ्य आलें. आंरी ड्युतियोसारखा श्रेष्ठ कलावंत आपल्या वाटेनें गेला व कीर्ति पावला. पण ज्यांच्या अंगीं तितकें बळ नव्हतें त्यांचें काय झालें हें कोण सांगणार?

आणि सर्वांत बोलकी गोष्ट पुढेंच आहे. १९४५ सालीं विसाव्या वर्षीं त्यानें पियानोसाठीं बारा चिमुकल्या रचना केल्या. मोठ्या वृंदासाठीं त्यांचा विस्तार करण्यास त्यानें पुढें आरंभ केला. चार रचना १९८० सालीं सादर झाल्या, पांचवी १९९९ सालीं, आणि बाकीच्या तशाच राहिल्या. त्याचा तिसरा पियानोसोनाटा पुरा झाला नाहीं. जुन्या कृति तो पुनःपुन्हां उघडून बदलीत असे. हा दोष नव्हे. हा प्रामाणिक कलावंताचा संशय आहे. पण स्वतःच्या कृतींवरील खटला ज्यानें अर्धशतक चालूं ठेवला, त्यानें इतरांचा निकाल एका वाक्यांत लावावा, हा न्याय कसला? जी सवलत त्यानें आपल्या बारा लहान तुकड्यांना दिली ती त्यानें लांदोव्स्कीला नाकारली.

म्हणून आम्ही वाचकांस सांगतों कीं, बूलेझच्या ध्वनिमुद्रिका अवश्य ऐका, त्याच्या रचनाहि ऐका. पण ‘शब्द विसरा’ हा त्याच्या स्तुतिपाठकांचा सल्ला मानूं नका. काळाच्या नांवानें निकाल देण्याची ती रीत त्याच्याबरोबर संपलेली नाहीं. कोणत्याहि कलेंत, कोणत्याहि भाषेंत, अमुक प्रकारचें लेखन वा गायन आतां कालबाह्य झालें असें कोणी ठणकावून सांगूं लागला, तर त्याला एवढेंच विचारावें: त्यांतील कोणती कृति आपण शेवटपर्यंत ऐकली आहे?