विज्ञानाच्या वाटेवर : ताणलेले प्लास्टिक आणि प्रकाशाची दिशा

दहावी-बारावीच्या मुलांचे प्रकाशाचे ध्रुवीकरण पाठ असते, समजलेले नसते. म्हणून वाचकहो, आधी घरचा प्रयोग. लॅपटॉपचा एलसीडी पडदा पांढरा करून पोलरॉइड गॉगलमधून पाहा व गॉगल हळूहळू फिरवा. एका ठिकाणी पडदा काळाकुट्ट दिसेल. पडद्याच्या प्रकाशाची कंपने एकाच दिशेत असतात. गॉगल आडवा झाला की ती अडतात. पॅरिसमध्ये १८०८ साली मालुस यांनी लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतलेला सूर्यप्रकाश स्फटिकातून पाहिला, तेव्हा त्यांना हा गुण परावर्तित प्रकाशातही आढळला.

पाहणे सोपे, मोजणे कठीण. एकूण प्रकाश किती, त्यातला ध्रुवित किती आणि त्याची दिशा कोणती, ही तीन अज्ञाते. म्हणून मोजण्याही निदान तीन लागतात. एकामागून एक घ्याव्यात तर तोवर ढग पुढे सरकतो. शेजारी-शेजारी घ्याव्यात तर प्रत्येक मोजणी निराळ्या बिंदूची होते. शिवाय दर वेळी गाळणी लावायची, आणि साध्या प्रकाशातला निम्मा तीच गिळते!

यावर सेंद्रिय अर्धवाहकांचा उपाय आम्हाला फार आवडला. (सेंद्रिय म्हणजे येथे शेणखत नव्हे, कार्बनी रेणू.) वीज वाहणाऱ्या प्लास्टिकच्या शोधाबद्दल हीगर, मॅकडर्मिड व शिराकावा यांना २००० साली नोबेल मिळाले, हे पदार्थ त्याच कुळातले. त्यांचे रेणू लांब साखळ्यांसारखे असतात. भाजीची पिशवी ओढली की ताणाच्या दिशेने तिचे धागे निघतात ना, तसा हा पातळ थर ताणला की साखळ्या एका दिशेत येतात. मग साखळ्यांना समांतर कंपनांचा प्रकाश जास्त शोषला जातो व त्यापासून वीज होते. आडव्या कंपनांचा बराचसा आरपार जातो. म्हणजे मोजणारा थर स्वतःच गाळणी झाला, आणि त्याने सोडलेला प्रकाश वाया न जाता खालच्या, वेगळ्या कोनात फिरवलेल्या थराला मिळाला.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली असे तीन घट एकामागे एक ठेवून तोच किरण एकाच वेळी तिन्हींत मोजला. ध्रुवीकरणाच्या मोजणीत चूक आली सुमारे १.२ टक्के. त्यासाठी आधी प्रत्येक घट नेमका किती शोषतो हे तपासून घ्यावे लागले, कारण ताणूनही सगळ्या साखळ्या सरळ होत नाहीत.

हवा, ओल आणि ऊन यांनी हे थर खराब होतात. त्यामुळे सिलिकॉनची सद्दी इतक्यात संपेल असे आम्हाला वाटत नाही.