तुमचा माणूस राष्ट्रपती झाला, पेढे घ्या

२० जुलै २०१७. संध्याकाळ. निकाल लागला आणि मी जिथं कारकुनी करत होतो तिथले हेडक्लार्क साहेब पेढ्यांचा बॉक्स घेऊन सरळ माझ्या टेबलाशी आले. बाकीची टेबलं ओलांडून. म्हणाले, "घ्या. अभिनंदन. तुमचा माणूस राष्ट्रपती झाला."

मी पेढा घेतला. खाल्ला. खोटं कशाला बोलू, भूक लागली होती आणि पेढा चांगला होता. तो तोंडात असतानाच साहेबांचं दुसरं वाक्य आलं, "आता तरी सवलती बंद करायला हरकत नसावी ना?"

म्हणजे पेढा फुकट नव्हता. एका पेढ्यात सगळा हिशेब चुकता करायचा होता. शाळेत वेगळं बसवलेल्या बापाचा, मोरीत उतरलेल्या चुलत्याचा, खोली नाकारलेल्या माझा. घे पेढा आणि कर सही, देणं फिटलं.

आणि 'तुमचा' म्हणजे कोण रे? २०१२ साली प्रणव मुखर्जी निवडून आले तेव्हा आमच्या कचेरीत एकाही ब्राह्मणाच्या टेबलावर पेढे ठेवून कुणी म्हटलं नाही की तुमचा माणूस झाला. तेव्हा राष्ट्रपती देशाचा होता. आमचा आला की तो फक्त आमचा. देशाचा राष्ट्रपती व्हायलासुद्धा आम्हाला महारवाड्याच्या वेशीतूनच जावं लागतं.

वस्तीत आलो तर तिथं वेगळाच तमाशा. नाक्यावर फ्लेक्स लागलेला, 'महामहिम रामनाथ कोविंद यांचे हार्दिक अभिनंदन'. महामहिम कोपऱ्यात तिकिटाएवढे, मधे आमच्या वॉर्डाचे निळे पुढारी पुरुषभर. शिडीवर चढून दोरी बांधत होता तो माझा सख्खा धाकटा भाऊ. खाली तीन टोळकी भांडत होती. एक म्हणे दलित राष्ट्रपती झाला, मान ताठ करा. दुसरं म्हणे खरी दलित मीरा कुमार, बाबूजींची लेक, तिला पाडलं. तिसरं म्हणे कोविंद कसले आपले, भाजपच्या दलित मोर्चाचे अध्यक्ष होते. कोण जास्त दलित याचा लिलाव चालला होता. मी भावाला म्हटलं, उतर खाली, आपल्याला यात काय मिळालं? तो वरूनच म्हणाला, "दादा, तू कायम रडत बस. कुणी वर गेलेला तुला बघवत नाही." त्या रात्री घरात भांडी आपटली. पुढे चार महिने तो माझ्याशी धड बोलला नाही.

दोस्तांनो, मी तेव्हा जे धड बोलू शकलो नाही ते आता लिहितो.

आधी तारखा बघा. विरोधी पक्षांच्या गोटात राष्ट्रपतीपदासाठी गोपाळकृष्ण गांधींचं नाव फिरत होतं. गांधींचे नातू. तोवर या पुरोगाम्यांना दलित आठवला नव्हता. १९ जूनला भाजपने कोविंदांचं नाव काढलं आणि २२ जूनला, अवघ्या तीन दिवसांत, यांना मीरा कुमार सापडल्या. गांधींच्या नातवाला मग उपराष्ट्रपतीपदाला उभं केलं. म्हणजे दलित उमेदवार हा यांच्या मनातून आला नाही, समोरच्याच्या पानाला उत्तर म्हणून आला. पत्त्यांत जसा हुकूम. समोरच्याने टाकला की आपणही टाकायचा. मीरा कुमार स्वतः म्हणाल्या की जातीचं गाठोडं बांधून जमिनीत पुरून टाका. बाई, पुरलं असतं हो. पण त्याच गाठोड्यातून तर तुम्हाला बाहेर काढलं होतं.

दलिताच्या समोर दलित उभा करायचा ही युक्ती काही नवी नाही. १९५२ च्या पहिल्या लोकसभेला उत्तर मुंबईत काँग्रेसने बाबासाहेबांना पाडलं ते कुणा भटाला उभं करून नाही. नारायण काजरोळकरांना उभं करून. ज्या माणसाने संविधानाचा मसुदा लिहिला त्याला पाडायलाही अस्पृश्यच लागला. तेव्हा निदान एका बाजूला बाबासाहेब होते. २०१७ ला दोन्ही बाजूंना काजरोळकर. राग येईल काही जणांना. येऊ दे.

आता मतदान कसं होतं ते बघा. राष्ट्रपतीला तुम्ही-मी निवडत नाही. खासदार-आमदार निवडतात. खासदाराच्या मताचं मूल्य तेव्हा ७०८ होतं, महाराष्ट्राच्या आमदाराचं १७५, उत्तर प्रदेशच्या आमदाराचं २०८. आमदाराचं मूल्य काढायला लोकसंख्या धरतात ती १९७१ ची. पँथर जन्मायच्या एक वर्ष आधीची शिरगणती! त्यानंतर जन्मलेला एकही दलित पोरगा या हिशेबात नाही. कोविंदांना ७,०२,०४४ मूल्याची मतं पडली, मीरा कुमारांना ३,६७,३१४. यातला आपला आवाज कुठला? राखीव जागांवरचे आमदार-खासदार म्हणाल तर तेही सगळ्यांच्या मतांवर निवडून येतात, पक्षाच्या तिकिटावर. २४ सप्टेंबर १९३२ ला येरवड्यात जे हातातून गेलं ते हेच. आपला प्रतिनिधी आपण निवडायचा हक्क. तेव्हापासून आपला माणूस कोण हे ते ठरवतात, आणि आपण फ्लेक्सची दोरी बांधतो.

२५ जुलैला शपथ झाली. मध्यवर्ती सभागृहात 'जय श्रीराम'च्या घोषणा झाल्या. मग दुसऱ्या दिवशी राज्यसभेत गदारोळ. कशावर? भाषणात नेहरूंचं नाव का घेतलं नाही आणि दीनदयाळांना गांधींच्या पंगतीला का बसवलं, यावर. चॅनेलवाल्यांनी दोन दिवस तेच दळलं. नेहरू का दीनदयाळ, नेहरू का दीनदयाळ. अरे, मतदानाच्या दोनच दिवस आधी, १५ जुलैला, त्याच दिल्लीत घिटोरणीला टाकीत उतरलेली चार माणसं गुदमरून मेली होती. सहारनपूरला शब्बीरपूरची घरं मे महिन्यात जाळली होती आणि भीम आर्मीचा चंद्रशेखर जूनपासून तुरुंगात होता. उनाच्या पोरांची पाठ फोडली त्याला नुकतं एक वर्ष झालं होतं. एका दलिताच्या तोंडून कुठल्या पंडिताचं नाव निघावं यावर दोन पक्षांचं भांडण. दलिताच्या तोंडातून दलिताने काय बोलावं हा मुद्दाच नाही.

मला हे सगळं ओळखीचं वाटलं, कारण मी एकदा हे बघितलं होतं. १९९७ साली. मी चौदा वर्षांचा होतो.

११ जुलैला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातला गेला. लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या. दहा माणसं गेली. १४ जुलैला राष्ट्रपतीपदाचं मतदान. १७ ला निकाल, के. आर. नारायणन प्रचंड मतांनी विजयी. २५ ला शपथ. या दोन आठवड्यांत आमच्या वस्तीत चूल आणि रेडिओ दोन्ही धड चालले नाहीत. विलास घोगरेंनी त्याच आठवड्यात, निळी पट्टी डोक्याला बांधून, गळफास घेतला. ज्याचा आवाज ऐकून आम्ही मोर्च्यात पाय टाकायला शिकलो तो माणूस गेला, आणि पेपरात पहिल्या पानावर 'पहिला दलित राष्ट्रपती'.

आता गंमत ऐका. तेव्हा महाराष्ट्रात सरकार शिवसेना-भाजपचं. गोळीबार झाला त्यांच्या राज्यात. तीन दिवसांनी यातल्या भाजपने मत दिलं नारायणनना, सेनेने दिलं शेषनना. बंदूक एका सरकारची, मतं दोन. कुणाचं काही अडलं का? नारायणनना मत दिल्याने रमाबाई नगरचं रक्त धुऊन निघतं, इतकी स्वस्त लाँड्री या देशात आहे. पुढे २००९ साली गोळीबाराच्या हुकुमाबद्दल अधिकाऱ्याला जन्मठेप झाली, मग जामीनही मिळाला.

शपथेच्या दिवशी शेजारच्या खोलीत टीव्ही होता, सगळी चाळ तिथं जमली. आईच्या डोळ्यांत पाणी. बाप उठून बाहेर गेला. मी मागे गेलो तर मोरीशी उभा राहून बिडी ओढत होता. म्हणाला, "माणूस मोठाय रे. शिकलेलाय. पण घाटकोपरच्या पोरांना तो काय देणार?" मला तेव्हा बापाचा राग आला होता. भावाला माझा आला तसाच.

आता न्यायाने बोलू. नारायणन नुसता शिक्का नव्हते. १९९७ च्या ऑक्टोबरात उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावायचा गुजराल सरकारचा सल्ला त्यांनी परत पाठवला, १९९८ ला बिहारबाबत वाजपेयी सरकारचाही. घटनेत ही सोय आहे. मंत्रिमंडळाचा सल्ला बांधील, पण एकदा फेरविचाराला परत पाठवता येतो. ४४ व्या दुरुस्तीने ते दिलंय. त्याआधी, १९७५ च्या २५ जूनच्या रात्री, फक्रुद्दीन अली अहमदांनी आणीबाणीच्या कागदावर सही केली. मुसलमान राष्ट्रपती होता म्हणून पुढच्या वर्षी तुर्कमान गेटच्या मुसलमानांवरचे बुलडोझर थांबले नाहीत. सही करणाऱ्या हाताची जात बघू नका. पेन कुठं थांबलं ते बघा, कागदावर काय आहे ते बघा.

कोविंदांच्या पेनाखालून काय गेलं? मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ॲट्रॉसिटी कायद्याचे दात काढले. २ एप्रिलला भारत बंद झाला, उत्तरेत आपली पोरं गोळ्यांनी मेली, आणि तेव्हा कुठं संसदेने कायदा दुरुस्त केला. ऑगस्टमध्ये राष्ट्रपतींची सही झाली. ती सही त्या पोरांनी करून घेतली. दलित राष्ट्रपतीने दिलेली भेट म्हणून तिचे फ्लेक्स लावणारे गाढव आहेत. उलट सवर्ण गरिबांचं १० टक्के आरक्षण बघा. २०१९ च्या जानेवारीत ८ तारखेला लोकसभा, ९ ला राज्यसभा, १२ ला सही. पाच दिवसांत घटना बदलली. दलित-आदिवासी-ओबीसी गरीब त्यातून बाहेर, गरिबीलासुद्धा जात लावली, आणि सही आमच्या माणसाची. तेव्हा हेडक्लार्क साहेबांनी पेढे वाटले नाहीत. मी वाट बघत होतो.

भावाचं सांगायचं राहिलं. १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला आपल्या लोकांवर दगड पडले, ३ ला महाराष्ट्र बंद. त्यानंतरच्या रात्री मुंबईच्या वस्त्यावस्त्यांत पोलीस शिरले. तो जुलैतला फ्लेक्स पावसाळ्यात आम्ही काढून पत्र्यावर टाकला होता, गळतं म्हणून. महामहिम आणि पुढारी पत्र्यावर पालथे पडलेले. त्याच पत्र्याखालून पोलिसांनी भावाला पहाटे तीनला उचललं. कलमं लावली दंगलीची. निळ्या पुढाऱ्याला फोन केला, तो दिल्लीत होता. जामिनाला आईचं मंगळसूत्र गेलं. सुटून आला तेव्हा भाऊ माझ्याशी बोलला. एकच वाक्य, "दादा, तारीख कधीय ते लिहून ठेव." वर्षानुवर्षं तारखाच लिहितोय.

२०२२ ला हाच खेळ आदिवासींबरोबर झाला. २१ जूनला द्रौपदी मुर्मूंचं नाव जाहीर झालं, २८ जूनला वनसंवर्धनाचे नवे नियम निघाले. जंगल कंपनीला द्यायला ग्रामसभेची आधी घ्यायची संमती त्यातून ढिली केली. अनुसूचित जमाती आयोगाने आक्षेप घेतला, तो कुणी ऐकला नाही. त्याच दिवसांत मुर्मूंच्या मूळ गावच्या एका पाड्यावर विजेचे खांब गेले, तोवर तिथं वीज नव्हती. आणि निवडून आल्यावर संसद कशावर बंद पडली? एका काँग्रेसवाल्याने 'राष्ट्रपत्नी' म्हटलं त्यावर. म्हटलं ते घाणच होतं. पण जंगलाच्या नियमावर एक तास तरी? हीच बाई २०१७ ला झारखंडच्या राज्यपाल होत्या तेव्हा जमिनीच्या कायद्यातल्या दुरुस्त्या त्यांनी भाजप सरकारला परत पाठवल्या होत्या. कारण बाहेर आदिवासी रस्त्यावर उतरले होते. पेन थांबतं. रस्ता थांबवतो.

२०२७ च्या जुलैत पुन्हा निवडणूक आहे. पुन्हा कुणीतरी आपला माणूस काढेल. महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे २९ आमदार आहेत. १७५ प्रमाणे २९ जणांचे ५,०७५ होतात. मत द्यायच्या आधी यांनी उमेदवाराला काय विचारलं, ॲट्रॉसिटीच्या खटल्यांचं, सफाई कामगारांच्या मरणाचं, बंदच्या केसेसचं, हे २०१७ ला आपण विचारलं नाही, २०२२ लाही नाही. आमच्याकडचा आमदार राखीव आहे. दर सोमवारी सकाळी दहा ते बारा लोकांना भेटतो असं त्याच्या कचेरीवर लिहिलंय. आम्ही पाच जण जाणार आहोत, भाऊ पण येतोय, केसचे कागद घेऊन. यायचं असेल त्याने साडेनऊला नाक्यावर यावं.