सरासरीचा दाखला आणि लालबागचा रस्ता

मुंबईची हवा समुद्र धुऊन नेतो, गिरणगावची धुराडी १९८२ च्या संपानंतर एकेक करून थंडावली, टॅक्स्या उच्च न्यायालयाच्या हुकुमांमुळे सीएनजीवर धावू लागल्या. सबब ज्या दिवशी शहराच्या हवेचा निर्देशांक ‘समाधानकारक’ असेल त्या दिवशी लालबाग-परळच्या रहिवाशाने धुराची तक्रार करणे हा निव्वळ कांगावा होय, असे सुशिक्षितांकडून वारंवार ऐकू येते. यातील प्रत्येक विधानात सत्यांश आहे. निष्कर्ष मात्र सर्वस्वी अग्राह्य आहे.

दुपारचा खारा वारा खरा, पण हिवाळ्याच्या रात्री तो फिरतो आणि गार हवा जमिनीलगत साचून राहते. गिरगावच्या जगन्नाथ शंकरशेट मार्गासारख्या, दुतर्फा इमारतींनी कोंडलेल्या रस्त्यात तर वरून वाहणारा वारा तळाशी भोवरा धरतो आणि धूर एकाच बाजूच्या गॅलऱ्यांवर आणून टाकतो. लालबागेत २०११ पासून डोक्यावर उड्डाणपूल आहे, त्यामुळे खालच्या वाहनांचा धूर सुटायला आकाशही अर्धेच उरले. सीएनजीने काजळी घटवली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु नायट्रोजनची ऑक्साइडे मुख्यतः इंधनातून नव्हे, तर इंजिनाच्या प्रखर उष्णतेत हवेतल्याच नायट्रोजनापासून बनतात, आणि ब्रेक-टायरांची झीज कोणत्याही इंधनाने थांबत नाही.

राहिला निर्देशांक. परिसराची सर्वसाधारण हवा मोजणारे केंद्र बुद्ध्याच गजबजलेल्या रस्त्यापासून दूर ठेवतात. त्याचा आकडा खोटा नसतो. तो निराळ्या प्रश्नाचे उत्तर असतो. वाहनांच्या धुराचे प्रमाण रस्त्यापासून शे-दोनशे मीटरांत झपाट्याने उतरते. म्हणून पुलाखाली दिवसभर फुलांच्या माळा ओवणाऱ्या बाईच्या श्वासाबद्दल त्या आकड्यावरून काहीच सिद्ध होत नाही. वस्तीवार पाहणीचे महत्त्व परळला नव्याने शिकवावे लागू नये: १९७० च्या दशकात केईएम रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत यांनी लालबाग, चेंबूर आणि खार येथील रहिवाशांची प्रकृती व तेथील हवा यांची तुलना केलीच होती.

नाक्यानाक्यावर हवा मोजायची तर स्वस्त साधनेच लागणार. त्यांवर विश्वास कसा ठेवावा, हा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. बोटाएवढी प्लास्टिकची नळी, तिच्या बंद टोकाशी ट्रायइथेनॉलअमाइन लावलेली जाळी. खांबावर दोन ते चार आठवडे टांगली की नायट्रोजन डायऑक्साइड तीत आपोआप शोषला जातो आणि प्रयोगशाळेत त्याची मोजदाद होते. सकाळी नऊचा कहर ती वेगळा दाखवू शकत नाही, हा तिचा उणेपणा आहेच. मात्र काही नळ्या सरकारी यंत्राशेजारी टांगून तफावत दुरुस्त केली, तर नाक्यानाक्यातील फरक ती भरवशाने सांगते. या वायूची भारताची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १०. आपला नाका या दोहोंच्या संदर्भात कोठे आहे, हे कळण्याचा हक्क रहिवाशांना आहे.

तेव्हा एफ दक्षिण, जी उत्तर आणि डी या विभाग कार्यालयांनी लालबागच्या पुलाखाली, दादरच्या टिळक पुलाच्या पायथ्याशी, शंकरशेट मार्गाच्या दोन्ही बाजूंस आणि तुलनेसाठी गिरगावच्या एखाद्या आतल्या वाडीत, माणसाच्या डोक्याहून थोड्या उंचीवर अशा नळ्या टांगाव्यात. जानेवारीत एकदा, भर पावसाळ्यात पुन्हा एकदा. आणि आकडे दप्तरात न ठेवता त्याच नाक्यावरच्या फलकावर लावावेत.