शार्डोनेची जाहीर माफी

"शार्डोने सोडून काहीही चालेल." हे वाक्य मी बरीच वर्षं मोठ्या रुबाबात ऐकवत आलो. कारण काय, तर कधीतरी प्यायलेली एक बाटली. लाकडाचा आणि लोण्याचा वास इतका, की द्राक्ष शोधावं लागलं. झालं, निकाल दिला! ऑफिसात एका टेस्टवरून कोणी असा निष्कर्ष काढला असता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

मागे कामानिमित्त पॅरिसला असताना एका सहकाऱ्याने घरी जेवायला बोलावलं. तिथेही मी तेच वाक्य टाकलं. त्याने मुकाट्याने एक ग्लास पुढे केला. लिंबासारखी तरतरीत, किंचित खडूसारखी चव. "वा! ही खरी व्हाइट वाइन," मी. त्याने बाटली दाखवली. शाब्ली. द्राक्षाचं नावच नाही, म्हणून विचारलं.

शंभर टक्के शार्डोने. माझे कान लाल झाले ते वाइनमुळे नव्हे. :-)

शाब्ली बर्गंडीच्या उत्तर टोकाला. हवा थंड, म्हणून आंबटपणा टिकतो. जमीन चुनखडीची, तीत शिंपल्यांचे जीवाश्म. वाइन बहुतेक स्टीलच्या टाकीत बनते. शंभर-सव्वाशे किलोमीटर आग्नेयेला मर्सो. द्राक्ष तेच, पण ओकच्या पिंपात मुरलेलं. चव लोण्याची, हेझलनटची. सोव्हिन्यों ब्लांचंही तसंच. लोआरकाठच्या सान्सेरला ते एकटं आणि धारदार. बोर्दोत सेमियोंबरोबर मिसळलं की भारदस्त.

लेबलवर द्राक्षाऐवजी गाव छापणं हा मला फ्रेंचांचा माज वाटायचा. आता वाटतं, तेच बरोबर आहे. १९३५ च्या कायद्यापासून गावाच्या नावामागे नियम आहेत: द्राक्ष कुठलं, पिकवायचं कुठे, बनवायचं कसं. (अल्सास अपवाद, तिथे द्राक्षाचं नाव ठळक असतं.) नवख्याची पंचाईत होते, मान्य. गावाच्या नावाने प्रत्येक बाटली चांगली निघते असंही नाही. पण आपण तरी बाजारात नुसता "हापूस द्या" म्हणतो का? देवगड की रत्नागिरी, हे विचारतोच ना?

तेव्हा "मला अमुक आवडत नाही" म्हणण्याआधी निदान दोन गावं चाखा. आणि मर्सो फ्रीजमधून पंधरा मिनिटं आधी काढा. फार गार असली की वास येतच नाही.

असो. ते वाक्य मी आता बंद केलंय. आणखी किती गोष्टींचा निकाल एका बाटलीवर लावून ठेवलाय, ते मात्र तपासायचंय.