कूलरलाही थर्मोस्टॅट हवा, पण आर्द्रता जाणणारा

एसीचे तापमान २० ते २८ अंश सेल्सिअस या मर्यादेत बांधण्याचा मनोदय केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल यांनी जून २०२५ मध्ये जाहीर केला आणि थर्मोस्टॅट हा एरवी उपेक्षित शब्द विज्ञानवार्तांत आला. १ जानेवारी २०२० पासून घरगुती एसी २४ अंशांच्या मूळ मांडणीसह विकणे बंधनकारक आहेच. मांडणी एक अंशाने वाढवली की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरोचे गणित. धोरणाची दिशा योग्य आहे. परंतु रायपूरच्या बूढापाऱ्यासारख्या जुन्या वस्तीतून पाहिले तर ही चर्चा अपुरी वाटते. उन्हाळ्यात इथल्या घरांना आधार असतो तो कूलरचा, आणि साध्या कूलरला थर्मोस्टॅट नसतोच.

तो बसवायचा ठरवला, तर मोजायचे काय? येथे भौतिकशास्त्र मोठे रंजक होते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २.४ मेगाज्यूल, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश युनिट इतकी ऊर्जा हवेतून शोषली जाते. पंखा व पंप मिळून खातात ते दीडदोनशे वॅट. मात्र हवा किती निवेल याची सीमा ‘वेट बल्ब’ तापमान ठरवते. ओले फडके गुंडाळलेला तापमापी वाऱ्यात दाखवतो, ते हे तापमान. मे महिन्यात ४२ अंश आणि २० टक्के सापेक्ष आर्द्रता असेल तर ते २४ अंशांच्या आसपास असते. चांगल्या ताट्यांचा कूलर २८ अंशांची हवा देऊ शकतो. जुलैत ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर ते २९ वर जाते. मग कूलर जेमतेम अडीच अंश देतो आणि त्याच्या मोबदल्यात खोलीत ओलावा भरतो. घाम वाळेनासा होतो, म्हणजे शरीराचा स्वतःचा कूलर आपण बंद पाडतो. घरात वृद्ध माणूस असेल तर हे केवळ गैरसोयीचे नसते.

म्हणून केवळ तापमान पाहून चालणारा थर्मोस्टॅट इथे उफराटे काम करील: खोली गरम, सबब पंप चालू, हवा दमट, सबब खोली गरमच, पंप चालूच. विद्यार्थ्यांनी स्वतः नियंत्रक बांधायचा असेल तर तापमान व आर्द्रता दोन्ही मोजणारा संवेदक घ्यावा, तो कूलरच्या झोतापासून दूर, माणूस झोपतो त्या उंचीवर ठेवावा, आणि पंप व पंखा यांना वेगवेगळे रिले द्यावेत. आर्द्रता ७० टक्क्यांपुढे गेली की पंप बंद, पंखा चालू. ६० च्या खाली आली की पंप पुन्हा चालू. मधले दहा टक्क्यांचे अंतर मुद्दाम ठेवायचे, नाहीतर रिले रात्रभर टकटकत राहील. समोरची खिडकी उघडी हवीच. हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर कोणताही संगणक उपयोगाचा नाही.

एक इशारा मात्र गांभीर्याने घ्यावा. अमेरिकेत लोक स्मार्ट थर्मोस्टॅट बिनदिक्कत स्वतः बसवतात, कारण तिथल्या बहुतेक घरांत तापनयंत्राच्या नियंत्रणाच्या तारांत २४ व्होल्ट असतात. तेच चलचित्र पाहून आपल्याकडे हात घालू नये. आपल्या कूलरमध्ये २३० व्होल्ट आहेत, पत्र्याची पेटी आहे, पाण्यात बुडालेला पंप आहे. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी यांशिवाय हा प्रयोग करू नये. संवेदक आणि प्रोग्राम आपला, २३० व्होल्टची जोडणी मात्र जाणत्या वायरमनची.

आता पुन्हा एसीच्या मर्यादेकडे. रिमोटवरचा २४ हा आकडा बहुधा यंत्रात परत शिरणाऱ्या, छताजवळच्या हवेचा असतो. पलंगावरच्या माणसाचा नव्हे. शिवाय ४० टक्के आर्द्रतेतले २७ अंश आणि ८० टक्क्यांतले २७ अंश यांत सुखाचा फरक इतका आहे की दोन्हींसाठी एकच नियम करणे मला अशास्त्रीय वाटते. जो एसी ओलावा नीट काढतो, त्याच्याखाली माणूस आपणहून २७ वर समाधानी राहतो आणि वीज कुणी न सांगता वाचते. तारांकन ठरवताना ओलावा काढण्याच्या क्षमतेलाही ठळक स्थान मिळावे, आणि कूलरच्या पेटीवर निदान एक पाच-सातशे रुपयांचा आर्द्रतामापी असावा. बूढा तालाबाकाठच्या घरात जुलैच्या रात्री पंप बंद करायचा की नाही, हे तो आकडा पाहून कुणालाही ठरवता येईल.